शरभाच्या पाटीवर काय लिहायचं?

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक झाली आणि मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतला जिंजी तमिळनाडूतला, बाकी अकरा महाराष्ट्रातले, आणि त्या अकरांतले शिवनेरी, लोहगड व राजगड हे तीन आपल्या पुणे जिल्ह्यातले. पेढे वाटून झाले. आता पायवाटा सुधारतील, स्वच्छतागृहं होतील अशी आशा करू, आणि माहितीच्या नव्या पाट्या लागतील. मला बोलायचंय ते या पाट्यांबद्दल, त्यातही दरवाजांवरच्या एकाच प्राण्याबद्दल. पाट्यांच्या बाबतीत पुण्याने कुणाला शिकवू नये असं कोणी म्हणणार नाही.

शिवनेरीच्या दरवाजात मान वर करून पाहिलं तर तो दिसतो. अंग सिंहासारखं, आयाळ, वटारलेले डोळे, शेपटी पाठीवर वळलेली. महाराष्ट्रभर अनेक किल्ल्यांवर आणि देवळांवर त्याचे भाईबंद आहेत. कुठे पंख, कुठे पंजाखाली हत्ती, कुठे दोन डोक्यांचा पक्षी. शनिवार-रविवारी ट्रेकला येणाऱ्या पोरांना विचारा, कोणी ‘वाघ’ म्हणेल, कोणी ‘सिंह’. ज्याने दोन-चार रील्स पाहिलेत तो ठासून सांगेल, ‘शरभ! स्वराज्याच्या ताकदीचं चिन्ह. हत्ती म्हणजे बादशाही.’ नव्या पाटीवर हेच एक वाक्य येईल अशी मला धास्ती आहे. वाक्य आटोपशीर आहे, अभिमानाचं आहे, फोटोत मावतं. फक्त ते टिकत नाही.

माझं म्हणणं असं, की शरभ हा भांडणातून वाढलेला प्राणी आहे आणि पाटीवर ते भांडणच लिहायला हवं. कोणी त्याला कशासाठी वापरला, कोणी नाकारला, कोणी पळवला, हे सगळं. एकच अर्थ ठोकून दिला की उरतो तो नुसता दगड.

सुरुवातीला शरभाला देवत्व वगैरे काही नव्हतं. ऐतरेय ब्राह्मणात यज्ञाच्या पशूंची एक चमत्कारिक गोष्ट आहे. देवांनी एकेक पशू बळी द्यायला घेतला, की त्याच्यातलं यज्ञसत्त्व निघून पुढच्या पशूत शिरायचं आणि मागे उरलेला पशू अयोग्य ठरायचा. बोकडातलं सत्त्व गेलं आणि उरला तो शरभ, न खाण्याजोगा. म्हणजे अगदी चोथाच.

महाभारतात त्याला आठ पाय फुटले. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात: रानात एका ऋषीपाशी एक कुत्रा राहत असे. बिबट्या त्याच्यावर धावून आला तेव्हा ऋषीने त्याला बिबट्या केलं. वाघ आला तेव्हा वाघ, हत्ती आला तेव्हा हत्ती, सिंह आला तेव्हा सिंह. शेवटी सिंहांना मारणारा आठ पायांचा शरभ आला, तेव्हा शरभ. मग रानात भ्यायला कोणीच उरलं नाही, आणि या शरभाच्या मनात ऋषीलाच खायचं आलं. ऋषीने ते ओळखलं आणि त्याला पुन्हा कुत्रा करून हाकलून दिलं. भीष्मांचा रोख चाकर कोणत्या जागी नेमावा यावर आहे. कुत्र्याने आपली पायरी सोडू नये हा त्यांचा बोध मला फारसा रुचत नाही, पण शरभाची जागा त्यातून नेमकी कळते. तो बळाच्या शिडीची शेवटची पायरी आहे. त्याच्यावर कोणी नाही आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. शंकराचा त्यात कुठेही संबंध नाही. ज्या शहरात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती शेकडो हस्तलिखितं ताडून, १९१९ ते १९६६ एवढा काळ खपून तयार झाली, तिथून तासा-दोन तासांवरच्या किल्ल्यावर ही गोष्ट पाटीवर नसावी याला काय म्हणायचं?

शंकराचा संबंध येतो तो पुराणांत. हिरण्यकशिपूला फाडल्यावरही नृसिंहाचा राग शमेना, सृष्टी होरपळू लागली, देव शंकराकडे गेले. लिंगपुराणात आधी वीरभद्र जातो, त्याच्याने भागत नाही. मग शिवाचं शरभरूप नृसिंहाला उचलून नेतं. शेवटी नृसिंहाचं कातडं शिवाचं वस्त्र होतं. आता भागवत उघडा. तिथेही नृसिंह कोपलेला आहे, तिथेही देव घाबरलेत, लक्ष्मीसुद्धा जवळ जायला धजत नाही. पण त्याला शांत करतो तो लहानगा प्रल्हाद, नुसत्या स्तुतीने. शरभाचं नाव नाही. पुण्यातल्या देवळांत नृसिंह जयंतीला कीर्तनकार रंगवून सांगतात ती गोष्ट ही दुसरी. पहिली बहुतेकांनी ऐकलेलीच नसते.

वैष्णव शरभाची गोष्ट नाकारून थांबले नाहीत. त्यांच्यातल्या काहींनी नृसिंहाला गंडभेरुंड केलं: दोन डोक्यांचा अजस्र पक्षी, जो शरभालाच फाडतो. तुमच्याकडे आठ पाय, तर आमच्याकडे दोन चोची. हसू येतं, पण हे पोरखेळ नव्हते. यामागे मठ होते, देवळांची इनामं होती, राजाश्रय कोणाला यावरची चढाओढ होती. तमिळनाडूत दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात शरभाने नृसिंहाला धरलेलं बाराव्या शतकातलं चोळांचं शिल्प आहे. ते घडवून घेणाऱ्याला आपण कोणाला डिवचतोय हे चांगलं ठाऊक असणार.

यात दोन गमती आहेत, आणि माझ्या दृष्टीने सगळा मुद्दाच त्यांत आहे. पहिली: विष्णुसहस्रनामात विष्णूच्या हजार नावांत ‘शरभ’ हेही एक नाव आहे. ‘अतुलः शरभो भीमः’ असा चरण आहे. सदाशिव-नारायणात रोज सकाळी किती घरांत ते म्हटलं जात असेल! म्हणजे ज्याने नृसिंहाला लोळवलं म्हणतात त्याचं नाव नृसिंहाच्याच नावांच्या माळेत आहे. दुसरी: कर्नाटकचं राज्यचिन्ह पाहा. मधल्या ढालीवर गंडभेरुंड आणि दोन्ही बाजूंना, तिला पहारा देत, हत्तीचं तोंड आणि सिंहाचं अंग असलेले शरभ. पुराणात एकमेकांच्या नरडीला लागलेले दोघे एकाच सरकारी शिक्क्यात गुण्यागोविंदाने उभे आहेत. कर्नाटकची एसटी पुण्यात येते तेव्हा तिच्या अंगावरचा तो दोन डोक्यांचा पक्षी आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचं भांडण कोणाशी होतं हे कोणी विचारत नाही.

पाटीवर हे लिहिलं तर भावना दुखावतील, असा एक आक्षेप येईल. तो मी उडवून लावणार नाही. आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूर आहे. कितीतरी पुणेकर घराण्यांचं ते कुलदैवत. आपल्या कुलदैवताचं कातडं कोणी पांघरलं हे सरकारी पाटीवर वाचायला कोणाला आवडेल? पण म्हणूनच दोन्ही बाजू लिहायच्या. लिंगपुराण हे सांगतं, भागवत ते सांगतं, गंडभेरुंडवाले तिसरंच सांगतात. तिन्ही एका खाली एक आले की कोणाचा अपमान होत नाही, कारण सरकार कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाही. आणि महाराष्ट्राला हे नवं नाही. नरहरी सोनार हे कट्टर शैव. विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून देवाच्या कमरेचं माप घ्यायला गेले, आणि चाचपताना हाताला शंकर लागला, अशी आख्यायिका आहे. तुकोबांनी हरी आणि हर यांच्यामध्ये एका वेलांटीची आडकाठी पाहिली. हे लोक भांडण लपवून समेटाला आले नाहीत. भांडण सगळ्यांना माहीत होतं म्हणून समेटाला किंमत आली.

आता ‘स्वराज्याचं चिन्ह’ या वाक्याकडे येतो. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण चुकीची माहिती इथे फार प्रेमाने पसरते.

शिवनेरीवर १६३० मध्ये शिवाजी महाराज जन्मले तेव्हा किल्ला निजामशाहीत होता. पुढे तो मोगलांकडे गेला. महाराजांनी प्रयत्न करूनही त्यांच्या हयातीत तो त्यांच्या ताब्यात आला नाही. मग त्याच्या दरवाजावरचा प्राणी आपोआप स्वराज्याचं चिन्ह कसा होतो? जंजिऱ्याकडे पाहा. मुख्य दरवाजात वाघासारखा एक प्राणी आहे आणि त्याने पंजांत, तोंडात, शेपटीत हत्ती पकडलेत. तेच चित्र, तीच मस्ती. तो किल्ला आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा, आणि मराठ्यांना तो कधीच जिंकता आला नाही. तिथला हत्ती कोण? नावाड्यांना विचारलं तर ते सांगतात, सिद्दीने सगळ्या शत्रूंना बजावलंय. म्हणजे ‘हत्ती म्हणजे बादशाही’ हे सूत्र जंजिऱ्यावर उलटून आपल्याच अंगावर येतं.

याहून जुनं हवं असेल तर बिदर. तिथल्या किल्ल्याचा शर्झा दरवाजा १५०३ सालचा, बहमनी काळातला, आणि त्याला नावच दर्शनी भिंतीवरच्या दोन वाघांवरून पडलं. विजापूरची प्रसिद्ध तोफ मुलूख मैदान मुळात विजापूरची नाहीच. ती १५४९ मध्ये ओतली गेली अहमदनगरला, निजामशाहीत, मुहम्मद नावाच्या एका रूमी कारागिराच्या हातून. तिचं तोंड म्हणजे जबडा वासलेला हिंस्र पशू, आणि त्याच्या सुळ्यांमध्ये चिरडला जाणारा हत्ती. तुर्की ओतारी, नगरची भट्टी, मुसलमान सुलतान, आणि चित्र मात्र तेच, जे आपण मराठी किल्ल्याच्या दारावर अस्सल आपलं म्हणून दाखवतो. ते आपलं आहेच. एकट्याचं नाही, इतकंच. दख्खनमध्ये ज्याला दारावर दरारा हवा होता त्याने हा प्राणी लावला. कोरणारे पाथरवट बहुधा इथलेच असावेत, मालक बदलले तरी छिन्नी तीच. हा माझा अंदाज आहे आणि पाटीवर तो अंदाज म्हणूनच यावा.

अजून एक अडचण. ग्रंथातल्या शरभाला पाय आठ. दरवाजावरच्या शरभाचे पाय मोजा, चार भरतात. मग हा तोच का? शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत अशा जोड-प्राण्यांचा एक मोठा वर्ग आहे, व्याल. अपराजितपृच्छेसारख्या ग्रंथात त्यांचे प्रकार तोंडांवरून मांडले आहेत: सिंहाचं, हत्तीचं, घोड्याचं, पोपटाचं, माणसाचंही. दारावरच्या प्राण्याला शरभ म्हणणं ही अभ्यासकांनी सोयीने पाडलेली रीत आहे. ती वापरायला माझी हरकत नाही. पण पाटीवर ‘याला शरभ म्हणतात’ आणि ‘हा शरभ आहे’ यांत फरक ठेवायला हवा.

अशी गफलत किल्ल्यांवरच होते असं नाही. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ बहुतेकांनी पाहिलेलं असतं, नसेल तर पाहा. १७५४ मध्ये सुरू झालेलं आणि १७७० मध्ये मूर्ती बसलेलं, काळ्या दगडाचं. आतला देव तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला, म्हणजे तोही रूढ चौकटीत न बसणारा. बाहेरच्या भिंतीवर एक गोरा शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधताना दाखवलाय. हेरिटेज वॉकला गेलात की हमखास ऐकू येतं: गेंडा म्हणजे बंगाल आणि आसाम, इंग्रजांनी ते जिंकले त्याचं हे चित्र. बंगालचं मानू, प्लासी १७५७ची, दिवाणी १७६५ची. पण आसाम इंग्रजांकडे गेला यांदाबूच्या तहानंतर, १८२६ मध्ये. देऊळ उभं राहून तोवर अर्धशतक उलटलं होतं. शिल्पकाराला भविष्य दिसत होतं असं मानायचं नसेल तर त्या वाक्यातला निम्मा भाग गाळावा लागतो. तरीही ते वर्षानुवर्षं सांगितलं जातं, कारण ऐकायला बरं वाटतं. आणि हे त्या शहरात, जिथे राजवाड्यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि अस्सल कागद दाखवल्याशिवाय बोलू नये असा दंडक घातला.

डायनासोरवाल्यांवर फार शब्द घालवत नाही. पूर्वजांनी प्रचंड प्राणी पाहिले होते, किंवा त्यांना जनुकांची कलमं करता येत होती, असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांना वाटतं आपण परंपरेचा मान वाढवतोय. प्रत्यक्षात ते पूर्वजांची कल्पनाशक्ती काढून घेऊन त्यांच्या हातात कॅमेरा देतात. ‘हे सगळं थोतांड’ म्हणून पाठ फिरवणारेही माझ्या मते तितकेच आळशी. आठ पायांचा प्राणी नव्हता हे सांगायला विवेकवाद कशाला हवा? तो नसताना लोकांना का लागला, हे शोधायला हवा.

इथे तरुण वाचक म्हणेल, तुम्ही पाटीवर अडून बसलात, आमच्या पिढीला हा प्राणी गेममध्ये, कॉमिकमध्ये हवाय. जरूर. अप्पा बळवंत चौकातून परदेशी अद्भुतकथांचे गठ्ठे घरी नेणाऱ्या मुलांना ग्रिफिन माहीत असतो, कायमेरा माहीत असतो, मँटिकोर तर तोंडपाठ. या मँटिकोरची कुंडली मोठी मजेची आहे. माणसाचं तोंड, सिंहाचं अंग, विंचवासारखी नांगी. इराणच्या दरबारात क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास त्याने हिंदुस्थानावर पुस्तक लिहिलं, स्वतः इथे पाऊल न ठेवता, आणि त्यात हा प्राणी हिंदुस्थानातला म्हणून घातला. नाव इराणी, अर्थ माणूसखाऊ. पुढे पौसानियस या दुसऱ्या ग्रीकाने म्हटलं, हा साधा वाघच असावा, भीतीने मोठा झालेला. मग तो युरोपच्या पोथ्यांतून फिरला, १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला त्यात शिरला, आणि आता कोथरूडच्या मुलाला तो पाश्चात्त्य राक्षस म्हणून भेटतो. आपल्याच वाघाला आपण परदेशी समजून टाळ्या देतोय.

म्हणून मराठी लेखकांनी आणि गेमवाल्यांनी शरभ उचलावा, खुशाल बदलावा, हवा तर नववा पाय लावावा. त्यासाठी परंपरेचा परवाना त्यांच्या खिशात आहे. पंधराव्या शतकात सारळा दासांनी ओडिया महाभारत लिहिलं आणि त्यात नवगुंजर आणला: कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सापाची शेपटी, आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात. अर्जुन धनुष्य उचलतो, तो हात पाहतो आणि ओळखतो की हा देव आहे. व्यासांच्या महाभारतात यातलं काही नाही. भांडारकरच्या आवृत्तीत त्याला जागा मिळणं शक्यच नव्हतं. तरी ओडिशाने तो आपला मानला, गंजिफाच्या पत्त्यांवर काढला, पुरीच्या देवळाच्या शिखरावरच्या नीलचक्रावर कोरला. कल्पनेला पुरावा मागायचा नसतो. मराठी लेखकाने शरभाला बदललं म्हणून कोणी मोर्चा काढला तर मी त्या लेखकाच्या बाजूने उभा राहीन.

पाटीला मात्र ही मोकळीक नाही. कादंबरी मी स्वतःच्या पैशाने घेतो आणि नाही पटली तर रद्दीत देतो. पाटी माझ्या करातून लागते आणि शाळेच्या सहलीतली चौथीतली मुलगी तिच्यावरचं वहीत उतरवून घेते. कथाकाराला जे स्वातंत्र्य आहे तेच पाटी लिहिणाऱ्याने घेतलं, की पुढच्या पिढीतल्या कथाकाराला बदलायला मूळ असं काही उरत नाही.

‘पाटीवर एवढं मावतं का?’ हा शेवटचा आक्षेप, आणि तो सरकारी खात्यातून नक्की येईल. मावतं. लिहूनच दाखवतो:

‘या प्राण्याला अभ्यासक शरभ म्हणतात. महाभारतात शरभ हा सिंहाला मारणारा आठ पायांचा रानपशू आहे. लिंगपुराणात तो नृसिंहाला आवरणारं शिवाचं रूप आहे. भागवतात ही कथा नाही, तिथे नृसिंहाला प्रल्हाद शांत करतो. असे प्राणी बहमनी, निजामशाही, सिद्दी आणि मराठे या सर्वांच्या काळातल्या वास्तूंवर आढळतात.’

पाच वाक्यं. खाली दरवाजाचा काळ आणि बांधणाऱ्याचं नाव, त्याला आधार असलेल्या शिलालेखासह किंवा कागदासह. आधार नसेल तर ‘नोंद नाही’ एवढे दोन शब्द. ते दोन शब्द लिहायला कोणी तयार होत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक. शिवनेरी आणि लोहगड केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या तीन किल्ल्यांच्या पाट्या दोन कार्यालयांतून निघणार. मजकूर ठरवताना दोघांनी एकत्र बसावं, मसुदा छापायच्या आधी महिनाभर लोकांसमोर ठेवावा आणि लोकांनी त्यावर भांडावं. पुण्यात भांडायला माणसं कमी पडणार नाहीत. दुर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या गटांनी तोवर एवढं पाहावं, की कोणी भक्तिभावाने या दगडांवर ऑइलपेंट फासत नाही ना. रंगाखाली पंजा गेला की त्यात हत्ती होता की पक्षी, हेही सांगता येत नाही.